कोणालाही न विचारता

गेल्या वर्षी दोन एप्रिलला, दुपारी साडेबाराच्या सुमारास, बेळगावातल्या विमा कंपनीच्या ऑफिसात आम्हाला एक लाख सव्वीस हजार रुपये देऊ करण्यात आले. हजर तिघं होतो: मी, माझे थोरले बंधू आणि टेबलापलीकडे कंपनीच्या अधिकारी बाई. गोदामाच्या आगीपोटी आमची मागणी होती सात लाख पंच्याण्णव हजारांची.

आकडा ऐकून मला फार राग आला नाही. आमचं भुसार मालाचं दुकान आहे, निपाणी-चिकोडी रस्त्यावरच्या एका गावात. आयुष्यभर भाव तोडणारी माणसं बघितली आहेत. विमा कंपनी भाव तोडणार हे धरूनच गेलो होतो. मला राग आला तो सर्वेयरच्या अहवालातल्या तिसऱ्या पानावरच्या एका ओळीचा. अहवाल इंग्रजीत होता. बाईंनी तो आमच्याकडे सरकवला आणि मी वाचला. त्या ओळीचा अर्थ असा होता: विमाधारकाच्या पत्नीने कोणालाही न विचारता, हेतुपुरस्सर माल हलवला आणि त्यामुळे नुकसानीचा पुरावा नाहीसा झाला.

विमाधारकाची पत्नी म्हणजे माझी बायको.

अण्णांनी, म्हणजे बंधूंनी, ती ओळ माझ्याकडून मराठीत करून घेतली. एकदा नाही, दोनदा. मग परतीच्या गाडीत संकेश्वर मागे पडल्यावर म्हणाले, "बायकांच्या हातात कारभार गेला की असंच हुतंय."

"ट्रॅक्टर तुम्हीच बोलावलात की," मी म्हणालो.

"बोलावला. पण तिनं विचारलंय का न्हाय, मला काय ठाऊक?"

"विचारलं होतं. सर्वेयर सायबानंच काढा म्हणून सांगितलं."

"कागदावर न्हाय ते, आप्पा. कागदावर 'न विचारता' हाय."

त्या आठवड्यात बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, ओसरीवर, सकाळच्या पूजेनंतर माणसं बसतात तिथे, अण्णांनी सांगून टाकलं की धाकट्या भावजयीने सहा लाखांचं धान्य गोशाळेला वाटलं आणि विमा घालवला. माझी बायको रोज सकाळी बस्तीला जाते. दुसऱ्या दिवशी ती गेली आणि परत आली ती थेट स्वयंपाकघरात गेली. "कुणी विचारलं तर मी काय सांगू?" एवढंच म्हणाली. त्यानंतर ती बस्तीला बायकांची गर्दी ओसरल्यावर जायला लागली.

आता जे घडलं होतं ते सांगतो.

आग फेब्रुवारीत लागली, भर दुपारी. दुकानामागच्या गोदामात, वायरिंगमधून. माणसाला इजा झाली नाही. निपाणीहून बंब आला, त्याने पाणी मारलं आणि आग विझली. छपराचा एक कोपरा आणि त्याखालची अकरा पोती जळून कोळसा झाली होती. बाकीची एकशे एकोणनव्वद पोती जळण्यापेक्षा भिजली जास्त. तूरडाळ, हरभराडाळ, ज्वारी, मका, शेंगदाणे. मिळून दोनशे पोती, पन्नास पन्नास किलोची, खरेदीच्या बिलांप्रमाणे साडेसहा लाखांची. उरलेले एक लाख पंचेचाळीस हजार छप्पर, वायरिंग आणि दाराचे.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच वीज मंडळाच्या ऑफिसात आणि तिथून पोलिसांकडे दाखल्यांसाठी गेलो. माल भिजून एक रात्र गेली होती. जैन घरात वाढलेल्या बाईला भिजलेलं धान्य दिसलं की पहिला विचार नुकसानीचा येत नाही. यात आता जीव पडणार, हा येतो. आज हलवलं तर नुसतं धान्य हलवलं. परवा हलवलं तर अळ्यांसकट हलवायचं, म्हणजे हिंसा. आमच्याकडे याच्यावर चर्चा होत नाही. बेळगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, हे आम्हाला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

तरी तिने आधी विचारलं. कंपनीने सर्वेयरचा नंबर पाठवला होता, त्यावर तिने फोन केला. साहेब, धान्य भिजलंय, ठेवलं तर किडणार, काढून गोशाळेला देऊ का? तो म्हणाला, देऊन टाका की, घाण कशाला ठेवता, मी उद्या येतो, गोदाम बघतो. मग तिने अण्णांना सांगितलं. अण्णा गोशाळेच्या कमिटीवर आहेत. त्यांनीच ट्रॅक्टर बोलावला, दोन खेपा झाल्या, आणि संध्याकाळी मी आलो तेव्हा ते ओट्यावर चहा पीत मला सांगत होते की वाईटातून जरा तरी पुण्य झालं.

सर्वेयर 'उद्या' आला नाही. चौथ्या दिवशी आला. पांढरेशुभ्र बूट घालून आला. गोदामात काळं पाणी साचलेलं होतं, म्हणून उंबऱ्यावरूनच त्याने मोबाईलवर फोटो काढले. माझ्या बायकोने उप्पीट केलं होतं. त्याने दोनदा मागून खाल्लं आणि वर "वैनी, हात लई चांगला हाय तुमचा" असं म्हणाला. मग बेळगावला जाऊन तिच्याबद्दल ती ओळ लिहिली. स्वतः सांगितल्या दिवशी आला नाही हे लिहायला नको, स्वतः हो म्हणाला हे लिहायला नको, म्हणून.

त्या उप्पिटाचा मला आजही राग येतो. पैशाइतका.

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "मी असं कसं सांगीन, सावकार? आमच्या नियमातच बसत न्हाय ते." फोन झाल्याचं बायकोच्या मोबाईलमध्ये दिसत होतं. काय बोलणं झालं ते कुठे दिसणार? त्या दिवसापासून मला जेवताना त्याचे पांढरे बूट दिसायला लागले. मी तसा भांडकुदळ माणूस नाही. दुकानात गिऱ्हाइकाने शिवी दिली तरी मी हिशेब पुरा करूनच मान वर करतो. पण या माणसाला त्याच शब्दांवर आणून उभं करायचं, असं मी ठरवलं.

निपाणीतल्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने मला क्लेम सल्लागाराचं सांगितलं. असा माणूस असतो हेच मला ठाऊक नव्हतं. सर्वेयर कंपनी नेमते. हा आपण नेमायचा. तो आपल्या बाजूने नुकसान मोजतो, कागद लावतो, कंपनीशी पत्रव्यवहार करतो आणि मिळालेल्या पैशातून टक्केवारी घेतो. "माझी वखार जळाली तवा त्यानंच काढून दिलं," व्यापारी म्हणाला. "गोड बोलत न्हाय. पण मोजतो नीट."

सल्लागाराचं ऑफिस शहापूरला, एका कापडाच्या दुकानावर. साठी उलटलेला, बारीक अंगाचा माणूस. आयुष्य विमा कंपनीतच गेलं होतं, क्लेमच्या टेबलावर. आमचा अहवाल त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सर्वेयरचं नाव बघून हसला.

"बोला. काय पायजे?"

"ती ओळ काढून पाहिजे. आणि त्या माणसाला चार लोकांत मान खाली घालायला लावायची आहे."

"ते माझ्याकडं मिळत न्हाय, सावकार. माझ्याकडं पैशे मिळतात. सूडाला माझा रेट न्हाय."

"पैशाबरोबर येत असेल तर बघा."

"ते तुमचं तुम्ही बघा." त्याने चष्मा पुसला. "एक सांगा. माल तुम्ही काढलाच. ही चूकच. विचारून काढला असला तरी लेखी घ्यायला पायजे हुतं. मी कंपनीत असतो तर मीबी कापलं असतं. पन ओळ अशी लिहिली नसती."

"का?"

"बायकामाणसाचं नाव घालायचं कारनच न्हाय. पॉलिसी तुम्हा दोघा भावांची. त्यानं स्वतःची कातडी वाचवली." मग म्हणाला, "गोदाम रंगवलं का?"

"नाही."

"पुसलं?"

"फक्त जमीन धुतली."

"भिंतीला कुनी हात लावायचा न्हाय. चुना न्हाय, झाडू न्हाय. जाळी असली तरी ऱ्हाऊ द्या. जळकी लाकडं, पत्रे, जिथं हाईत तिथं."

पाच हजार आगाऊ, कंपनीने देऊ केलेल्या रकमेच्या वर जे मिळेल त्याच्या दहा टक्के फी, आगाऊ रक्कम त्यात वळती. मिळालं नाही तर फी नाही. मला हे सरळ वाटलं. मी तिथेच पाच हजार दिले आणि पावती घेतली.

पुढच्या आठवड्यात तो गावी आला. सोबत टेप, टॉर्च आणि एक घडीची शिडी. कोट काढून त्याने खुंटीला लावला आणि अनवाणी गोदामात शिरला. मी दारात उभा राहिलो, अण्णाही आले. तो बराच वेळ भिंतीकडे नुसता बघत होता. मग त्याने आम्हाला आत बोलावलं.

धुराने भिंत वरपासून खालपर्यंत काळी झाली होती. पण सगळी नाही. जिथे पोत्यांची थप्पी भिंतीला टेकून होती, तिथे धूर पोचलाच नव्हता. तिथे भिंत जुन्या चुन्यासारखी पिवळट राहिली होती, चौकोनी, सरळ कडांची. पाच थप्प्यांचे पाच चौकोन. मी त्या गोदामात रोज जात होतो आणि मला ते दिसले नव्हते. सर्वेयर तर आतच आला नव्हता.

"माल गेला, पन सावली ठिवून गेला," तो म्हणाला. "आता हिची उंची, रुंदी. एक भरलेलं पोतं आना, मोजू."

तिघांनी मोजलं. एका चौकोनात किती पोती बसतात, थप्पी किती खोल असते, शेंगदाण्याचं पोतं किती फुगतं, सगळं. बिलांशी ताळा लागला. गोशाळेच्या काट्यावर दोन्ही खेपांची वजनं झाली होती, त्या चिठ्ठ्या त्याने मागवून घेतल्या.

मग त्याने मुखत्यारीचा कागद काढला. दोघा मालकांची सही लागणार होती. अण्णा मागे सरकले.

"फीत मी न्हाय," ते म्हणाले. "चूक ज्याच्या घरात झाली त्यानं भरावी. मला माझे त्रेसष्ट हजार पुरेत."

एक लाख सव्वीस हजारांचे निम्मे ते त्रेसष्ट हजार.

"आन् वर मिळालं तर?" सल्लागाराने विचारलं.

"वरचं त्याचं त्याला लखलाभ. मला भांडून आनलेला पैसा नगं."

"बघा हं, थोरले. मी लिहिनार."

"लिवा की! काय मिळत न्हाय ओ. माझ्या भावाला हौस हाय, तुम्हाला धंदा हाय."

सल्लागाराने माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी "असं लिहू नका, अण्णा" म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. त्याने कागदाच्या खाली दोन ओळी लिहिल्या, मोठ्याने वाचून दाखवल्या, आणि अण्णांनी खाली ऐटीत सही ठोकली. आतून माझी बायको सरबत घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं. तिच्या हातातलं सरबत अण्णांनी घेतलं नाही.

सल्लागाराने कंपनीला पत्र टाकलं: मोजमापं, फोटो, बिलं, वजनाच्या चिठ्ठ्या जोडून. फेरपाहणी करा, नाही तर विमा लोकपालाकडे जाऊ. कंपनीने फेरपाहणी मान्य केली. मे महिन्याच्या शेवटी ती ठरली. त्याच अधिकारी बाई येणार होत्या, आणि त्यांच्यासोबत तो सर्वेयर.

आदल्या दिवशी सल्लागाराने मला फोनवर बजावलं, "उद्या तुम्ही बोलायचं न्हाय. तुम्ही तोंड उघडलं की भांडन हुनार आन् बाई वही मिटनार. भिंत बोलंल."

मी बरं म्हणालो. बोलायचं नाही ही अट माझ्यावर होती.

संध्याकाळी जेवण झाल्यावर मी बायकोला म्हणालो, "उद्या त्याला एक विचारायचं. अंगणातले जळके वासे आणि पत्रे ठेवायचे का काढायचे. फोनवर विचारलंस तसंच. पण बाई जवळ असताना."

"कशाला? पुन्ना तेच तोंड बघायचं?"

"विचार तरी."

"आन् तो ठेवा म्हणाला तर?"

"तर माझं नशीब."

ती म्हणाली, "तुमाला त्याला पाडायचंच हाय."

"व्हय," मी म्हणालो.

ते आले. उप्पीट केलं नव्हतं. मी पाणी दिलं, आणि पाणीच दिलं. सर्वेयरचे बूट या वेळी काळे होते, पण चकाकणारे. बाई मात्र चपला काढून गोदामात शिरल्या. सल्लागाराने टॉर्च भिंतीवर टाकला आणि बाजूला झाला. बाईंनी ते पाच चौकोन पाहिले, मग जवळ जाऊन काठावर बोट फिरवलं. बोटाच्या एका बाजूला काजळी, दुसऱ्या बाजूला काही नाही. त्यांनी सर्वेयरकडे वळून विचारलं, "हे तुमच्या फोटोत का नाही?"

"मॅडम, त्या दिवशी पाणी होतं आत."

"नंतर?"

तो दाराकडे सरकला. अण्णा उंबऱ्याजवळ उभे होते. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि उगाच बघायला लागले.

सगळे बाहेर अंगणात आले. तिथे वासे आणि वाकडे पत्रे ढिगाने पडले होते. बाई वहीत लिहीत होत्या. माझी बायको पदर सावरून पुढे आली आणि साध्या आवाजात म्हणाली, "साहेब, पाऊस तोंडावर आलाय. हे वासे नि पत्रे असंच ठिवायचं का काढून टाकायचं?"

त्याचं लक्ष भिंतीकडेच अडकलं होतं. गोदामात बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो मनात जुळवत असणार. हात झटकून म्हणाला, "काढा ओ वैनी, काढा. भंगार कशाला सांभाळता?"

बाईंचं पेन थांबलं. "अहो, हे अजून मोजलं नाही आपण. छपराचा क्लेम आहे यात."

"तसं न्हाय मॅडम, म्हणजे..."

"फोनवर बी असंच म्हणाला होता साहेब," माझी बायको म्हणाली. "धान्य काढू का विचारलं तवा."

"कवा? मी असं कुनाला सांगत न्हाय."

"आत्ता सांगितलं की," ती म्हणाली.

तो चिडला आणि चिडला म्हणून अडकला. "अहो, मी सगळ्यांनाच सांगतो, घाण साठवू नका म्हणून! रोगराई हुते. त्याचा अर्थ पुरावा नष्ट करा असा हुतो का?"

सल्लागार आपल्या टेपची पट्टी गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही, पण त्याचे खांदे हलत होते. बाईंनी सावकाश विचारलं, "म्हणजे या ताईंनी तुम्हाला विचारलं होतं?"

"तसं... फोन आला होता. शंभर फोन येतात, मॅडम."

बाईंनी लिहून घेतलं. मी त्यांच्या पेनाकडे बघत होतो. मला फार बरं वाटत होतं. मी ते लपवलं नाही. सर्वेयरने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी पाहतच राहिलो, तो नजर खाली घालेपर्यंत.

परत जाताना सल्लागार मला म्हणाला, "तुम्हाला बोलू नका म्हटलं हुतं."

"मी कुठं बोललो?"

"व्हय, तुम्ही न्हाय बोलला." तो हसला. "वैनींना माझ्या ऑफिसात पाठवता का?"

मी ओळ काढण्याबद्दल लेखी अर्ज दिला आणि सर्वेयरविरुद्ध वेगळी तक्रार कंपनीकडे दिली. सल्लागार तक्रारीत पडला नाही, ती माझी मी लिहिली. दोन ओळींची होती. खरं तेवढंच लिहिलं, कारण खरं पुरेसं होतं.

जुलैत सर्वेयर दुकानात आला. एकटा, मोटरसायकलवरून, रेनकोट घालून. बूट चिखलाने भरले होते. गिऱ्हाईक होतं, मी ते पुरं होईपर्यंत त्याला उभं ठेवलं. बसा म्हणालो नाही.

"सावकार, कंपनीनं माझी कामं थांबवलीत," तो म्हणाला. "एक पत्र द्या, गैरसमज झाला हुता म्हणून. तुमचं तर झालंच आता."

"आमचं काय झालं?"

"पैसे यायलेत की."

"ती ओळ तुम्ही माझ्या भावाच्या डोक्यात घातली आहे. तिथे जाऊन काढा. मग बघू."

तो गेला. समोरच्याच गल्लीत अण्णांचं घर. मी दुकानातून उठून त्याच्या मागे गेलो, मुद्दाम, आणि दारात उभा राहिलो. अण्णा आणि वहिनी दोघं घरात होते. सर्वेयर ओल्या रेनकोटात त्यांच्यापुढे उभा राहून म्हणाला की तुमच्या भावजयीने मला विचारलं होतं, मीच हो म्हणालो होतो. अण्णा म्हणाले, "बरं, बरं. बसा, चहा घ्या." तो बसला नाही. बाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिला.

"आता पत्र?"

"नाही," मी म्हणालो.

"तुम्ही बघू म्हणाला हुता."

"बघितलं. नाही."

बायको म्हणाली, आता पुरे करा, त्यालाही घर आहे. मी म्हणालो, आपल्यालाही होतं. तक्रार मी मागे घेतली नाही. कंपनीने पुढे त्याचं काय केलं ते मला कळलेलं नाही. आमच्या भागात आता दुसरा सर्वेयर येतो, एवढं ठाऊक आहे, आणि ते कानावर आलं त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

ऑगस्टमध्ये कंपनीचं पत्र आलं. सुधारित अहवाल सोबत होता. तिसऱ्या पानावरची ओळ नव्हती. तिच्या जागी एवढंच होतं की सर्वेयरशी बोलून माल हलवण्यात आला. मालाचे पाच लाख नव्वद हजार, इमारतीचे एक लाख सहा हजार, पॉलिसीप्रमाणे आम्हीच सोसायचे दहा हजार वजा. सहा लाख शहाऐंशी हजार दुकानाच्या खात्यावर जमा झाले.

पैसे आल्याचं कळताच अण्णा दुकानात आले. गल्ल्याजवळच्या खुर्चीत बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "मग, निम्मं निम्मं करून टाकू. फी काय हाय ती दोघांत घालू."

मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी हातात घेतला नाही.

"आप्पा, ते रागात बोललो हुतो मी."

"सही रागात नव्हती. ऐटीत होती."

"सख्ख्या भावाला कागद दाखवतोस?"

"तुम्हीच म्हणाला होता, अण्णा. कागदावर काय आहे ते बघायचं."

ते उठले आणि दुकानाला लागूनच असलेल्या आमच्या घरात गेले. माझी बायको आतल्या खोलीत गहू निवडत होती. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. "तू सांग त्याला," अण्णा तिला म्हणाले. "तुझं ऐकंल." असं ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते, बेळगावच्या त्या दिवसानंतर.

वरचे पैसे मी तिच्या नावावर टाकणार हे मी तिला आधीच सांगितलं होतं. ज्याच्यावर ठपका ठेवून ते पैसे अडवले, ते पैसे त्याचे, असा माझा हिशेब. तेव्हा ती म्हणाली होती की निम्मे थोरल्यांना द्या. म्हणून मला वाटलं, आता ती हो म्हणणार आणि माझं सगळं पाण्यात जाणार. मी आत जाऊन काही म्हणणारही नव्हतो, कारण पैसे तिचे होते.

तिने सूप खाली ठेवलं. "देते की," ती म्हणाली. "दोन लाख बावन्न हजार हुतात तुमच्या वाट्याचे. मी काढून ठिवलेत मनात. फकस्त बस्तीच्या ओसरीवर जावा, जिथं मी धान्य वाटून विमा घालवला म्हणालात तिथं. सकाळी, पूजा झाल्यावर, समदे असतात तवा. आन् सांगा, हिनं विचारलं हुतं. एवढंच."

"येडी हाईस काय गं तू? थोरल्या माणसानं असं..."

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

अण्णा मागच्या दाराने गेले.

देणी मी त्याच आठवड्यात उरकली. सल्लागाराची फी पाच लाख साठ हजारांवर दहा टक्के, छप्पन्न हजार. पाच हजार आधी दिले होते, एक्कावन्न हजार बेळगावला जाऊन चेकने दिले. त्याने पावती दिली आणि बायकोची चौकशी केली. अण्णांना त्रेसष्ट हजार त्यांच्या खात्यावर. मला त्रेसष्ट हजार. सल्लागाराला आगाऊ दिलेले पाच हजार माझ्या खिशातले होते, ते मी वरच्या पैशातून माझ्याकडे घेतले. बायकोच्या नावाने पाच लाख चार हजार निपाणीच्या बँकेत ठेवले. त्यातले निम्मे तिने एक वर्षाच्या ठेवीत घातले आणि निम्मे नेहमीच्या खात्यावर ठेवले, म्हणजे मागितले तर त्याच दिवशी काढता येतील. ती आता पूर्वीच्याच वेळेला बस्तीला जाते. अण्णाही ओसरीवर बसलेले असतात. दोन लाख बावन्न हजार अजून खात्यावर आहेत.